लँडरसाठी इंधन कसं निवडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यान चंद्रावर किंवा मंगळावर उतरतं तेव्हा सगळ्यांचे डोळे पडद्यावरच्या उंचीच्या आकड्याकडे लागलेले असतात. टाकीत काय भरलंय हे विचारणारे थोडेच, पण ते विचारायला लागले की खोलात शिरतात. असे सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांनी आहे, अडनिडे अपवाद पुढे आहेत. माझं एक मत सगळ्या उत्तरांत डोकावेल, ते आधीच सांगतो: लँडरचं इंधन निवडताना आधी कॅलेंडर बघावं, कार्यक्षमतेचा आकडा नंतर.

१. इंधन, ऑक्सिडायझर आणि प्रणोदक यांत फरक काय?

जळतं ते इंधन. जाळायला लागणारा ऑक्सिजन पुरवतो तो ऑक्सिडायझर. दोन्ही मिळून प्रणोदक. अवकाशात हवा नसल्यामुळे यानाला दोन्ही बरोबर न्यावं लागतं, आणि वजनात बहुतेक वेळा ऑक्सिडायझरचाच वाटा मोठा असतो. बोलताना आपण सगळ्यालाच ‘इंधन’ म्हणतो. मीही खाली बऱ्याच ठिकाणी तसंच म्हटलंय.

काही प्रणोदकं एकटीच काम करतात. हायड्राझिन तापलेल्या उत्प्रेरकावरून गेलं की त्याचं विघटन होऊन गरम वायू तयार होतो. त्याला ऑक्सिडायझर लागत नाही (प्रश्न ७).

२. उपग्रहाचं इंजिन लँडरला का चालत नाही?

उपग्रहाचं मुख्य इंजिन एका ठरलेल्या जोराने पेटतं आणि बंद होतं. लँडरला जोर सतत कमी-जास्त करावा लागतो. उतरता उतरता टाक्या रिकाम्या होतात, यान हलकं होतं, आणि सुरुवातीला जेमतेम पुरणारा जोर शेवटी यानाला पुन्हा वर ढकलू लागतो. चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरचं उड्डाणाच्या वेळचं वस्तुमान १,७५२ किलो होतं. चंद्राच्या गुरुत्वात तेवढ्या वस्तुमानाचं वजन सुमारे २,८४० न्यूटन भरतं, आणि त्याच्या चार इंजिनांचा कमाल जोर प्रत्येकी ८०० न्यूटन. म्हणजे सुरुवातीला फरक थोडाच. शेवटच्या काही मीटरमध्ये मात्र तोच जोर बराच खाली आणता यायला हवा.

जोर कमी करायचा म्हणजे प्रणोदकाचा प्रवाह कमी करायचा. पण प्रवाह मंदावला की फवारा नीट फुटत नाही आणि ज्वलन थरथरू लागतं. अपोलोच्या चांद्रयानात यावर उपाय म्हणून इंजेक्टरच्या मध्यभागी पुढे-मागे सरकणारी खुंटी बसवली होती. प्रवाह घटला की फटही तेवढीच अरुंद होई, त्यामुळे फवाऱ्याचा वेग टिकून राही. ते इंजिन सुमारे ४५ किलोन्यूटनपासून त्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत खाली येत असे. चीनच्या चांग-अ-३ चं इंजिन ७,५०० ते १,५०० न्यूटनमध्ये फिरत होतं.

दुसरा मार्ग म्हणजे इंजिनाचा जोर तोच ठेवून ते झटक्याझटक्याने चालू-बंद करायचं. मंगळावरच्या फीनिक्सने २००८ मध्ये बारा छोट्या इंजिनांनी तसंच केलं.

३. विशिष्ट आवेग सर्वांत जास्त तेच इंधन का घेत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून हिशेबच मांडतो. विशिष्ट आवेग म्हणजे एक किलो प्रणोदकातून किती काम निघतं याचं माप. ते सेकंदांत मोजतात. समजा, १,००० किलोचं यान चंद्राच्या कक्षेतून उतरवायचंय आणि त्यासाठी वेगात एकूण २,००० मीटर प्रतिसेकंद बदल करायचाय.

एकट्या हायड्राझिनवर (सुमारे २२५ सेकंद) त्यातले जवळजवळ ६०० किलो प्रणोदकच होईल. एमएमएच (मोनोमिथाइल हायड्राझिन हे इंधन) आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड (ऑक्सिडायझर) यांच्या जोडीवर (३१० सेकंद) सुमारे ४८० किलो. द्रव मिथेन-ऑक्सिजनवर (३५० सेकंद धरले तर) ४४० किलो. द्रव हायड्रोजन-ऑक्सिजनवर (४५० सेकंद) फक्त ३६५ किलो.

इथवर हायड्रोजन जिंकला. आता टाक्या मोजा. एमएमएचच्या जोडीला सुमारे ४१५ लिटर जागा लागते, मिथेनच्या जोडीला ५५० लिटर, आणि हायड्रोजनच्या जोडीला जवळजवळ १,००० लिटर. द्रव हायड्रोजन इतका विरळ आहे की त्याच्या एका लिटरचं वजन ७१ ग्रॅमच भरतं. वाचवलेल्या सुमारे ११५ किलोंतून मोठ्या टाक्या, उष्णतारोधक थर, लांब पाय आणि पेटवणी यंत्रणा यांचं वजन वजा करा. लहान लँडरमध्ये हाती फारसं काही उरत नाही. यान मोठं होत गेलं की हिशेब फिरतो, कारण टाकीचं आकारमान घनाने वाढतं आणि पृष्ठभाग वर्गाने.

एमएमएचच्या जोडीची एक गंमत सांगायलाच हवी. वजनाने १ भाग इंधनाला १.६५ भाग ऑक्सिडायझर घेतला की दोघांचं आकारमान अगदी सारखं होतं. त्यामुळे एकाच मापाच्या टाक्या बनवून भागतं.

४. इतकी विषारी रसायनं वापरायचीच कशाला?

कारण ती भेटताक्षणी पेटतात. हायड्राझिन कुळातलं इंधन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड एकमेकांना भिडले की ठिणगीशिवाय जळतात. अशा जोडीला हायपरगोलिक म्हणतात. झडपा उघडल्या की इंजिन सुरू, मिटल्या की बंद, आणि हे हव्या तितक्या वेळा.

दुसरं कारण कॅलेंडर. चांद्रयान-३ ने १४ जुलै २०२३ ला उड्डाण केलं आणि २३ ऑगस्टला ते उतरलं, म्हणजे ४० दिवस. जपानचं स्लिम सप्टेंबर २०२३ मध्ये निघून जानेवारी २०२४ मध्ये उतरलं. इतका काळ टाकीत शांत पडून राहील आणि शेवटच्या वीस मिनिटांत दगा देणार नाही, असं प्रणोदक हवं. एमएमएच उणे ५२ अंशांना गोठतं आणि ८७ अंशांना उकळतं, त्यामुळे ते सांभाळायला सोपं.

विषाची किंमत जमिनीवर मोजावी लागते. भरणारे लोक हवाबंद पोशाखात, बाहेरून हवा घेत काम करतात आणि आजूबाजूचा परिसर रिकामा ठेवतात. जुलै १९७५ मध्ये अपोलो-सोयुझ मोहिमेहून परतताना टेट्रॉक्साइडची वाफ अपोलोच्या कुपीत शिरली आणि तिन्ही अंतराळवीरांना रुग्णालयात ठेवावं लागलं. हा धोका कमी लेखणाऱ्याला मी या क्षेत्रात पाऊल टाकू नको असंच सांगेन.

५. एमएमएच, यूडीएमएच, एरोझीन-५०: ही सगळी एकच का?

भावंडं म्हणा. मूळ हायड्राझिन ताकदीचं, पण २ अंशांच्या आसपासच गोठतं. त्याला एक मिथाइल गट जोडला की एमएमएच, दोन जोडले की यूडीएमएच. गोठणबिंदू खूप खाली जातो, ताकद थोडी घटते. एरोझीन-५० म्हणजे हायड्राझिन आणि यूडीएमएच यांचं वजनाने निम्मं-निम्मं मिश्रण. अपोलोचं चांद्रयान त्याच्यावरच उतरलं आणि त्याच्यावरच परत वर गेलं.

६. एमओएन-३, एमओएन-२५ यांतला आकडा कशाचा?

एमओएन म्हणजे ‘मिक्स्ड ऑक्साइड्स ऑफ नायट्रोजन’, आणि आकडा नायट्रोजन टेट्रॉक्साइडमध्ये वजनाने किती टक्के नायट्रिक ऑक्साइड मिसळलंय त्याचा. शुद्ध टेट्रॉक्साइड उणे ११ अंशांना गोठतं आणि २१ अंशांना उकळतं, म्हणजे द्रव राहण्याची मुभा जेमतेम ३२ अंशांची. नायट्रिक ऑक्साइड वाढवत गेलं की गोठणबिंदू उतरतो. एमओएन-२५ तर उणे ५५ अंशांच्या आसपासपर्यंत द्रव राहतं, म्हणजे जवळजवळ एमएमएचइतकंच. मग दोन्ही टाक्या थंड ठेवता येतात आणि हीटरची वीज वाचते. बदल्यात वाफेचा दाब वाढतो, म्हणून टाकी जाड लागते.

मग तीन टक्के तरी कशाला? त्याचं कारण गोठणबिंदूशी फारसं निगडित नाही. १९६० च्या दशकात टेट्रॉक्साइड जास्तीत जास्त शुद्ध करून वापरायला घेतलं, तेव्हा चाचणीत टायटॅनियमच्या टाक्या दाबाखाली तडकू लागल्या. आधीच्या ‘अशुद्ध’ मालात असलेलं थोडं नायट्रिक ऑक्साइडच टायटॅनियमचं रक्षण करत होतं! ते मुद्दाम परत घातलं आणि तडे थांबले. फरक डोळ्यांनी दिसतो: शुद्ध टेट्रॉक्साइड तांबूस-तपकिरी, आणि नायट्रिक ऑक्साइड घातलेलं हिरवट. एका अशुद्धीने टाकी वाचवावी, हे मला आजही विलक्षण वाटतं.

७. मंगळावर एकट्या हायड्राझिनवर भागतं, मग चंद्रावर का नाही?

मंगळाला हवा आहे. पृथ्वीच्या हवेच्या एक टक्क्याहूनही विरळ, पण उष्णताकवच आणि पॅराशूट मिळून बहुतेक वेग तीच खाते. इंजिनाकडे शेवटचे साधारण शंभर मीटर प्रतिसेकंद उरतात. तेवढ्यासाठी दोन टाक्या आणि दुप्पट झडपा कोण वाढवेल? व्हायकिंग, फीनिक्स, क्युरिऑसिटी, पर्सिव्हरन्स ही सगळी हायड्राझिनवरच उतरली. पर्सिव्हरन्सला उतरवणाऱ्या टप्प्यात सुमारे ४०० किलो हायड्राझिन होतं.

चंद्रावर हवा नाही, सगळा वेग इंजिनालाच मारावा लागतो. तिथे एकट्या हायड्राझिनचं काय होतं ते प्रश्न ३ मधल्या ६०० किलोंत दिसतं.

८. मिथेनवर उतरलेलं कोणतं यान आहे का?

आहे. ओडिसियस हा अमेरिकी खासगी लँडर. ते यान २२ फेब्रुवारी २०२४ ला द्रव मिथेन आणि द्रव ऑक्सिजनच्या इंजिनावर चंद्रावर उतरलं. उतरल्यावर ते कलंडलं, पण त्याचा दोष इंधनावर टाकू नका. उंची मोजणारं लेसर उपकरण त्या वेळी कामात नव्हतं.

इथे पुन्हा कॅलेंडर बघा. उड्डाण १५ फेब्रुवारीचं, म्हणजे प्रवास सात दिवसांचा. मिथेन उणे १६१ आणि ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो. सात दिवस हे सांभाळता येतं. स्लिमसारखी काही महिन्यांची वाट धरली असती, तर वाफ होऊन उडून जाणाऱ्या प्रणोदकाचा हिशेब नव्याने करावा लागला असता. या यानाच्या टाक्या प्रक्षेपणाच्या काही तास आधी, ते रॉकेटच्या टोपणात बंद असताना भरल्या. मिथेनचं तापमान हवं तसं न आल्यामुळे उड्डाण एक दिवस पुढे ढकलावं लागलं होतं. एमएमएच भरलेलं यान असं अडत नाही.

मिथेनच्या बाजूचा मोठा मुद्दा असा, की त्याचं तापमान ऑक्सिजनच्या जवळ आहे. दोन टाक्या शेजारी ठेवता येतात, मध्ये जाड थर लागत नाही.

९. मग हायड्रोजनचं भवितव्य काय?

मोठ्या, माणसं नेणाऱ्या लँडरसाठी त्यावर काम चालू आहे. ब्लू ओरिजिन कंपनीचा ब्लू मून लँडर हायड्रोजन-ऑक्सिजनवर आधारलेला आहे. उणे २५३ अंश टिकवायला सक्रिय शीतकरण लागतं, म्हणजे टाकीला जोडलेला फ्रीजच, आणि त्याला वीज लागते. चंद्राच्या ध्रुवाजवळच्या बर्फातून पुढे कधी हायड्रोजन-ऑक्सिजन बनवता आला, तर हीच जोडी तिथे भरता येईल. तोवर लहान यानाला मी तरी हायड्रोजन सुचवणार नाही.

१०. घन इंधन स्वस्त आणि सोपं असतं. ते का नको?

एकदा पेटलं की ते थांबवता येत नाही, त्याचा जोर हवा तसा बदलता येत नाही. पण उतरण्याचा पहिला, ढोबळ भाग त्यावर सोपवता येतो. चंद्रावर उतरलेल्या १९६६ ते १९६८ मधल्या अमेरिकेच्या सर्व्हेयर यानांनी हेच केलं. मोठ्या घन मोटरने बहुतेक वेग मारला, ती टाकून दिली, आणि उरलेलं काम तीन छोट्या द्रव इंजिनांनी केलं. मंगळावर पाथफाइंडर, स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी यांनाही घन रॉकेटांनी जमिनीजवळ रोखलं आणि मग हवेच्या पिशव्यांवर आपटू दिलं.

एकाच यानात दोन वेगळ्या जोड्या वापरण्याची कल्पना सोव्हिएत आराखड्यातही होती. माणसं नेणाऱ्या त्यांच्या चांद्रयानाला जमिनीपासून काही किलोमीटरपर्यंत केरोसीन-ऑक्सिजनचा टप्पा आणणार होता. पुढचं उतरणं आणि परतीचं उड्डाण हायपरगोलिक इंजिनाकडे होतं.

११. आयन इंजिनाचा विशिष्ट आवेग हजारोंत असतो. त्यावर उतरता येईल?

नाही. डॉन यानाच्या आयन इंजिनाचा जोर जास्तीत जास्त ९० मिलिन्यूटन होता, म्हणजे हातावर ठेवलेल्या ए-४ आकाराच्या दोन कागदांच्या वजनाएवढा. प्रश्न २ मधल्या २,८४० न्यूटनच्या शेजारी ठेवून बघा.

१२. इंजिनाच्या झोताने जमीन खराब होत नाही का? नमुने कसे विश्वासार्ह मानायचे?

होते, आणि इंधनाची निवड कधीकधी याच कारणाने ठरते.

१९७६ मध्ये व्हायकिंग यानं मंगळाच्या मातीत जीवसृष्टीच्या खुणा शोधणार होती. आपल्याच इंजिनातून कार्बनी संयुगं मातीत पडली तर प्रयोगच वाया. हायड्राझिनमध्ये कार्बन नाही. त्याच्या झोतात नायट्रोजन, हायड्रोजन आणि अमोनिया असतो. तरी ते आणखी शुद्ध करून घेतलं. शिवाय प्रत्येक यानाच्या तिन्ही इंजिनांना एकेका मोठ्या नोझलऐवजी १८-१८ बारीक नोझल लावले, म्हणजे झोत पसरेल आणि माती कमी उडेल.

फीनिक्सच्या बाबतीत उलट घडलं. झोताने काही सेंटिमीटर माती उडवली आणि खालचा चकचकीत, सपाट बर्फ उघडा पडला. यानाच्या हातावरच्या कॅमेऱ्याने पोटाखाली वाकून त्याचं चित्र घेतलं. क्युरिऑसिटी उतरताना उडालेल्या खड्यांनी बहुधा तिच्या वाऱ्याच्या संवेदकाचा एक भाग निकामी केला. अपोलो-१२ आधीच्या सर्व्हेयर-३ पासून सुमारे १६० मीटरवर उतरलं, तरी उडालेल्या धुळीने त्या जुन्या यानाचा पृष्ठभाग खरवडून काढला.

ध्रुवीय बर्फाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी एक खास अडचण: एमएमएच, मिथेन, हायड्रोजन यांतलं काहीही ऑक्सिडायझरबरोबर जाळलं की पाणी तयार होतं. पाणी शोधायला जायचं आणि जाताना पाणी शिंपडायचं! अशा मोहिमेत झोताचा प्रभाव पडला नसेल इतक्या दूरवरून नमुना घ्यावा लागतो.

१३. उरलेल्या इंधनावर यान पुन्हा उडू शकतं?

थोडंसं, हो. सर्व्हेयर-६ ने १७ नोव्हेंबर १९६७ ला चंद्रावर अडीच सेकंद इंजिनं पेटवली आणि ते सुमारे अडीच मीटर बाजूला जाऊन पुन्हा उभं राहिलं. विक्रमने ३ सप्टेंबर २०२३ ला सुमारे ४० सेंटिमीटर उडी मारली. दोन्हींत हायपरगोलिक जोडी होती, म्हणून हे सहज जमलं.

चांद्ररात्र उलटल्यावर मात्र ही आशा सोडावी लागते. दोन आठवड्यांच्या रात्री तापमान उणे १०० च्या कितीतरी खाली जातं. हीटर नसेल तर टाक्या, नळ्या आणि झडपा सगळ्यांतलं प्रणोदक गोठतं.

१४. टाकीत किती उरलंय हे कसं कळतं? आणि हेलियमची भानगड काय आहे?

बहुतेक लँडरमध्ये पंप नसतो. उच्च दाबाचा हेलियम टाकीत सोडून प्रणोदक इंजिनाकडे ढकलतात. सोपी रीत, पण अपघातांची यादी पाहिली तर रसायनांपेक्षा हेलियमच्या झडपांनीच जास्त रडवलंय. जानेवारी २०२४ मध्ये पेरेग्रिन या अमेरिकी लँडरची हेलियम झडप नीट मिटली नाही, ऑक्सिडायझरच्या टाकीतला दाब वाढत गेला, टाकी गळू लागली आणि चंद्रावर उतरणं रद्द झालं. त्यात एमओएन-२५ होतं म्हणून बिघडलं असं काहींनी लिहून विचारलं. झडप मिटली नाही तर टाकीत दुसरं काहीही असतं तरी दाब वाढलाच असता.

१९९३ मध्ये मार्स ऑब्झर्व्हर मंगळाजवळ पोहोचल्यावर, टाक्यांत दाब भरायच्या वेळी गप्प झालं. ते कक्षेत फिरणारं यान होतं, पण धडा लँडरलाही लागू आहे. चौकशी मंडळाला सर्वांत संभाव्य वाटलेलं कारण असं: अकरा महिन्यांच्या प्रवासात टेट्रॉक्साइडची वाफ एकमार्गी झडपांतून हळूहळू झिरपून हेलियमच्या नळीत साठली आणि तिथे एमएमएचशी तिची गाठ पडली. हेही कॅलेंडरचंच काम.

उरलेलं मोजणं त्याहून अवघड. अपोलो-११ उतरताना इंधन संपत आल्याचा दिवा अपेक्षेपेक्षा लवकर लागला, कारण टाकीत हिंदकळणाऱ्या द्रवाने मोजणी संवेदक उघडा पडला. नंतरच्या हिशेबात थोडं जास्त इंधन उरलेलं निघालं. पुढच्या यानांत हिंदकळणं रोखणाऱ्या पट्ट्या वाढवल्या.

१५. ‘हरित’ प्रणोदकं का येत नाहीत?

येताहेत, सावकाश. २०१० च्या प्रिझ्मा मोहिमेत आणि २०१९ च्या जीपीआयएम उपग्रहावर हायड्राझिनला पर्याय ठरतील अशी कमी विषारी द्रवं उडाली. त्यांची घनता हायड्राझिनपेक्षा जास्त आहे आणि ती थोडी जास्त कार्यक्षम आहेत. अडचण उष्णतेची: ज्वलन बरंच तापतं, म्हणून महागडे धातू लागतात, आणि उत्प्रेरक आधी तापवून ठेवावा लागतो. २०२२ मध्ये निघालेल्या ल्युनार फ्लॅशलाइटला तर नळ्यांतल्या बारीक कचऱ्यामुळे बहुधा पुरेसा जोरच मिळाला नाही. थ्रस्टरसाठी, म्हणजे छोट्या इंजिनांसाठी, ती आजही घ्यावीत. उतरण्याच्या मुख्य इंजिनासाठी मी थांबेन.

१६. परत यायचं असेल तर निवड बदलते का?

चंद्रावरून परत येताना सहसा नाही. अपोलोच्या वर जाणाऱ्या इंजिनाला पर्यायी इंजिन नव्हतं, ते पेटायलाच हवं होतं. म्हणून हायपरगोलिक, ठरलेला जोर, पंप नाही. हलणारे भाग जेवढे कमी करता येतील तेवढे केले.

मंगळावर मात्र मिथेन पुढे येतो. तिथल्या कार्बन डायऑक्साइडपासून आणि हायड्रोजनपासून मिथेन बनवता येतो, आणि ऑक्सिजन तर तिथे प्रत्यक्ष बनवून झालाय. पर्सिव्हरन्सवरच्या मॉक्सी उपकरणाने २०२१ ते २०२३ मध्ये एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन तयार केला. प्रमाण चिमूटभर, पण ऑक्सिडायझरच वजनाने जास्त असतो (प्रश्न १), म्हणून तोच तिथे बनवण्यात खरी बचत आहे.

१७. धूमकेतू, शुक्र, टायटन इथे उतरायला काय वापरतात?

शुक्राची हवा इतकी दाट आहे की व्हेनेरा यानं शेवटी तिच्याच आधाराने उतरली. टायटनवर हायगेन्सने पॅराशूटवर काम भागवलं. धूमकेतूवर गुरुत्व नगण्य, त्यामुळे प्रश्न उलटा होतो: यान उसळू नये म्हणून ते खाली दाबायचं. फिले लँडरला त्यासाठी थंड वायूचा थ्रस्टर दिला होता. १२ नोव्हेंबर २०१४ ला तो चाललाच नाही, आणि लँडर उसळ्या मारत दूर जाऊन पडलं.

१८. कॉलेजच्या प्रकल्पासाठी लँडरचं इंधन निवडायचंय. सुरुवात कुठून करू?

एका कागदावर चार ओळी लिहा. टाकी भरल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत किती दिवस? वेगात किती बदल? इंजिन किती वेळा पेटवायचंय? टेकल्यावर माती तपासायची आहे का? पहिल्या ओळीत दहा दिवसांहून जास्त असतील आणि शीतकरणाला वीज नसेल, तर मिथेन आणि हायड्रोजनवर काट मारा. दुसऱ्या ओळीत दोन-तीनशे मीटर प्रतिसेकंदच असतील तर एकटं हायड्राझिन घ्या. चौथीचं उत्तर ‘हो’ असेल तर प्रश्न १२ पुन्हा वाचा. विशिष्ट आवेगाचा तक्ता यानंतर उघडा, आणि वजनाच्या रकान्याशेजारी टाकीच्या लिटरचा रकाना काढायला विसरू नका.